पोच मिळाली, पुढे?

सिमेंट रोड झाला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी थेट घरात. नागपुरातल्या जुन्या ले-आऊटमधली ही नेहमीची तक्रार. पाणी ओसरलं की कुणीतरी अर्ज टाइप करतं, पंचवीस-तीस सह्या होतात आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘तरी कृपया योग्य ती कार्यवाही करावी.’ अर्ज तिथेच फसतो. कारण ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे पुढच्या टेबलावर पाठवणं, हीसुद्धा कार्यवाहीच असते.

मनपात आलेला अर्ज आधी मार्क होतो. आयुक्तांच्या नावाने दिलेला कागद विभागाकडे, तिथून झोनकडे, झोनच्या सहायक आयुक्तांकडून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून उपअभियंत्याकडे आणि शेवटी कनिष्ठ अभियंत्याकडे, म्हणजे सगळे ज्याला जेई म्हणतात त्याच्याकडे येतो. प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात एक शेरा आणि एक सही पडते. या प्रवासात दोन-तीन आठवडे सहज जातात. शेवटी जेई साइटवर येतो आणि म्हणतो, ‘हा रोड आमचा नाहीच.’ म्हणून आमच्या वस्तीच्या समितीत आम्ही एक नियम केला आहे. रस्ता कुणाचा, हे कळल्याशिवाय अर्जाला हात लावायचा नाही.

हे शोधायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. आपला झोन कोणता ते मालमत्ता कराच्या डिमांडवर लिहिलेलं असतं. पण त्याच डिमांडवरचा वॉर्ड क्रमांक म्हणजे निवडणुकीचा प्रभाग क्रमांक नव्हे. कराचे वॉर्ड वेगळे आणि प्रभाग वेगळे. अर्जावर कराचा वॉर्ड टाकून ‘प्रभाग’ लिहिलं की कागद भलत्याच जेईकडे जातो. यात आम्हीही एकदा पंधरा दिवस घालवले आहेत.

पुढचा प्रश्न नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासाचा. गुंठेवारीतले 572 आणि 1900 अभिन्यास (म्हणजे तेवढ्या ले-आऊटचे दोन गट), आरएल लेटर (भूखंड नियमित केल्याचं पत्र), भरलेलं किंवा अर्धवट भरलेलं विकास शुल्क, हे शब्द ज्यांच्या कानावर रोज पडतात त्यांना माहीत आहे की शेजारशेजारच्या दोन ले-आऊटपैकी एकात मनपा काम करते आणि दुसऱ्यात नासुप्र. ले-आऊट नासुप्रकडून मनपाकडे हस्तांतरित झाला आहे का, हा एकच प्रश्न दोन्ही कार्यालयांत लेखी विचारा. तोंडी उत्तरं दोन्हीकडून ‘त्यांच्याकडे’ अशीच मिळतात. शिवाय मोठ्या रस्त्यांपैकी काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात, काही महामार्गाचे तुकडे असतात. बेसा किंवा वाडीकडे राहणारे पत्ता ‘नागपूर’ असाच सांगतात, पण बेसा-पिपळ्याला स्वतंत्र नगरपंचायत आहे आणि वाडीला नगरपरिषद. तिथला अर्ज सिव्हिल लाइन्सला, मनपाच्या मुख्यालयात, देऊन काही होत नाही.

रस्ता मनपाचा निघाला, तरी त्यावरची प्रत्येक गोष्ट एका विभागाची नसते. खड्डा हॉटमिक्स विभागाकडे जातो. गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) चोक झाली तर झोनचा अभियंता, नाली तुंबली तर झोनचाच आरोग्य विभाग आणि त्याचा जमादार. पथदिवे विद्युत विभागाकडे, पण तारा आणि डीपी महावितरणचे. झाडाची फांदी तारेवर आली असेल तर उद्यान विभागाची परवानगी आणि महावितरणचं शटडाऊन, दोन्ही लागतं. पाण्याची लाइन फुटली असेल तर पाणीपुरवठ्याच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. हे सगळं एकाच अर्जात घातलं की पहिला मुद्दा ज्याचा, त्याच्याकडे कागद जातो आणि बाकीचे मुद्दे तिथेच झोपतात. एक अर्ज, एक विषय. खड्डा, दिवा आणि डुकरं यांचे तीन वेगळे अर्ज करा, तीन वेगळे आवक क्रमांक घ्या.

आता पुरावा. पाण्यात उभ्या मोटारसायकलचा फोटो वर्तमानपत्राला चालतो, अभियंत्याला त्यातून काही कळत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: नेमकी जागा, माप आणि पाणी कुठून येऊन कुठे अडतं. जागेसाठी पथदिव्याच्या खांबावरचा क्रमांक सगळ्यात उपयोगी पडतो. ‘अमुक यांच्या घरासमोर’ असं लिहिलं तर नवीन जेईला काहीच कळत नाही, आणि जेई बदलतातच. ‘खांब क्रमांक अमुक ते अमुक, लांबी 60 मीटर’ असं लिहिलं की त्याला तुम्हाला फोन न करताही जागा सापडते.

मापासाठी लेव्हलिंगचं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, 12 ते 15 मीटर. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढायचं आणि नळीत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. बुडबुडा राहिला की माप खोटं. यात सगळ्यांत जास्त चुका होतात. दोन्ही टोकं शेजारी धरून आधी पाणी एका रेषेत येतं का ते बघा, मगच दूर जा. एक माणूस घराच्या ओट्यावर, दुसरा रस्त्याच्या मधोमध. पाणी स्थिर झालं की दोघांनी आपापल्या टोकाशी पाण्याच्या रेषेपासून खालच्या जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. ओट्यावर 95 सेंमी आणि रस्त्यावर 81 सेंमी आले, तर रस्ता ओट्यापेक्षा 14 सेंमी उंच आहे. हे पाच-सहा घरांसमोर करा, चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेत मांडा. असा हाताने काढलेला एक कागद सोबत असला की ‘पाणी शिरतं हो’ म्हणत घासाघीस करावी लागत नाही.

रस्ता उंच का झाला, हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर मागणीच चुकते. जुना डांबरी थर आणि खालची गिट्टी न खोदता त्यावर काम केलं, तर साधारण 10 सेंमीची खालची काँक्रीट आणि त्यावर 20 सेंमीचा सिमेंटचा थर, अशी सरळ 30 सेंमी उंची वाढते. त्यावर मधल्या भागाला उतार म्हणून आणखी काही सेंमी. 7 मीटर रुंद रस्त्याला 2 टक्के उतार धरला तर मध्य कडेपेक्षा 7 सेंमी वर. हे पाणी नालीत जावं म्हणून कडेला इनलेट, म्हणजे पाणी आत घेणारी जाळीची तोंडं, लागतात. रस्ता वर गेला, पण नाली जुन्याच पातळीला राहिली आणि मध्ये गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) बसवताना इनलेट बुजले, तर पाण्याला एकच वाट उरते: तुमचं फाटक. रस्ता तोडा ही मागणी जवळपास कधीच मान्य होत नाही. इनलेट पाडा, नाली खोल करा, गट्टूंचा उतार नालीकडे करा, ही मागणी होते. तीच लिहा.

इथे एक अप्रिय गोष्ट. जेई साइटवर आला की आधी तुमच्या फाटकासमोरचे रॅम्प बघतो. आपण सगळ्यांनीच नालीवर सिमेंटचे रॅम्प बांधून ठेवलेले असतात, कुणी गाडीसाठी, कुणी कुंड्यांसाठी. सलग दहा घरांचे रॅम्प असले की नाली उपसायला जागाच नसते. दुसरं, अनेक घरांच्या छताचं पावसाचं पाणी पाइपने गडरच्या चेंबरमध्ये सोडलेलं असतं. गडरलाइन घरातल्या सांडपाण्यापुरत्या मापाची. तिच्यात पावसाचं पाणी ओतलं की चेंबरची झाकणं उचलली जातात आणि घाण उलट संडासातून वर येते. मग लोक लिहितात, ‘गडरलाइन चोक आहे.’ चोक नाही, भरली आहे. गाडी येऊन साफ करून जाते, पुढच्या पावसात पुन्हा तेच. अर्ज देण्याआधी गल्लीत एक चक्कर मारून किती पाइप चेंबरमध्ये गेलेत ते मोजा. आपल्याच लोकांना सांगणं अवघड असतं, सह्यांची संख्या तिथेच कमी होते. पण हे न करता दिलेल्या तक्रारीचं उत्तर कधी कधी अतिक्रमणाच्या नोटिशीच्या रूपात येतं. रॅम्पच्या जागी उचलता येणारी लोखंडी जाळी बसवली तर दोन्ही बाजूंचं काम होतं.

अर्ज एका पानाचा ठेवा. वर विषय, त्यात झोन, प्रभाग आणि खांब क्रमांक. खाली तीन परिच्छेद: स्थिती मापांसह, कारण, मागणी. मागणीनंतर एक ओळ: ‘या जागेची संयुक्त पाहणी करावी व पाहणीची तारीख लेखी कळवावी.’ संयुक्त पाहणी हा शब्द महत्त्वाचा. दोन विभागांचा प्रश्न असेल तेव्हा दोघांना एकाच वेळी एका खांबाखाली उभं केल्याशिवाय ‘त्यांच्याकडे’ संपत नाही. सह्या पंधरा पुरे. शंभर सह्यांनी अर्ज जड होतो, वेगवान होत नाही. प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक हवा.

दोन प्रती न्या. झोनच्या आवक-जावकात एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. नुसता गोल शिक्का मारून परत दिला तर थांबा आणि क्रमांक लिहून मागा. क्रमांक नसलेली पोच पुढे कुठेच चालत नाही. मनपाच्या ॲपवर तक्रार टाकायला हरकत नाही. कचरा, बंद दिवा, मेलेलं जनावर यांसाठी ते चटकन काम करतं. मात्र पातळी, नाली, ड्रेनेज अशा कामाला पैसे लागतात, आणि पैशाचं काम ॲपवर ‘निराकरण झाले’ असं बंद होऊन जातं. तसं झालं तर त्या संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशीचा जागेचा फोटो काढा. पुढच्या अर्जाला हे दोन कागद एकाखाली एक जोडायचे.

पैशाचं काम म्हणजे काय, ते नीट बघू. अभियंता अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता लागते, लेखाशीर्षात तरतूद लागते, मग निविदा आणि शेवटी कार्यादेश. ‘तुमचं काम प्रस्तावित आहे’ असं उत्तर आलं तर खूश होऊ नका, यांपैकी कोणत्या पायरीवर आहे ते विचारा. अंदाजपत्रकच झालेलं नसताना ‘प्रस्तावित’ म्हणतात आणि निविदा उघडल्यावरही ‘प्रस्तावित’च म्हणतात. म्हणून वेळ बघून अर्ज द्यावा. जुलैत दिलेल्या नालीच्या अर्जाला जुलैत मिळू शकतो तो फक्त उपसा. काँक्रीटचं काम हवं असेल तर पावसाळ्यातली मापं आणि फोटो जपून ठेवा आणि दिवाळीनंतर अर्ज द्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची बोलणी चालू असताना कागद टेबलावर असतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते चकाचक होतात आणि अधिकारी भेटत नाहीत. त्या पंधरवड्यात खेटे घालू नयेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवीन कार्यादेश थांबतात.

नगरसेवक. मार्च 2022 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. तेवढ्या काळात लोकांची सवय मोडली, सगळं आयुक्तांच्या नावाने लिहायची पद्धत पडली. आता 38 प्रभागांत 151 नगरसेवक आहेत, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. चौघांपैकी एकाला गाठलं की बाकीचे तिघे मोकळे होतात, आणि तो एक दुसऱ्या पक्षाचा निघाला तर आणखी गुंता. एकच पत्र चौघांच्या नावे काढायचं, अ, ब, क, ड असा क्रम लावून, आणि खाली ‘प्रत: कार्यकारी अभियंता, झोन’. आवक क्रमांक असलेला मूळ अर्ज सोबत जोडायचा. नगरसेवकाकडे नागरिकाला नसलेल्या दोन गोष्टी असतात: निधी सुचवण्याची जागा आणि सभागृहात प्रश्न विचारण्याचा हक्क. सर्वसाधारण सभेत आपल्याला बोलता येत नाही. म्हणून त्याला प्रश्न तयार करून द्या, एका ओळीत उत्तर द्यावं लागेल असा. ‘नाल्यांची दुरवस्था’ यावर भाषण होतं. ‘खांब अमुक ते अमुक या कामाच्या दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो’ याचं उत्तर द्यावं लागतं. दोषदायित्वाचा कालावधी म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत.

तीस दिवस झाले आणि काही हललं नाही, तर माहिती अधिकार. राज्यात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, शब्दमर्यादा 150 आणि विषय एकच. यातली हमखास चूक म्हणजे ‘काम का केले नाही?’ असं विचारणं. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं. मागायचं ते असं: या रस्त्याच्या कार्यादेशाची प्रत, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख, आणि आमच्या आवक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व शेऱ्यांची प्रत. शेवटची मागणी सगळ्यांत मोलाची. कागद कोणत्या टेबलावर किती दिवस होता ते सह्यांखालच्या तारखांवरून दिसतं, आणि ती प्रत मागितली आहे एवढ्यानेच तो कधी कधी पुढे सरकतो. प्रती घ्यायच्या नसतील तर फाइल पाहायला मागा. पहिला तास फुकट असतो. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे 90 दिवसांत. ते लांबतं, त्यावर काम अडवून ठेवू नये.

लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, पण तो अधिसूचित सेवांसाठी: दाखले, परवानग्या, नळजोडणी असलं. खड्ड्यासाठी त्याचा उपयोग नाही. लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे थेट तक्रार मांडायच्या दिवसाचा, होतो. मनपात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. न्यायालयात असलेलं प्रकरण, माहिती अधिकाराचा विषय, नोकरीचे प्रश्न आणि अंतिम उत्तर दिलेली तक्रार तिथे घेत नाहीत. म्हणून झोनचं ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर आलेलं असतानाच तिथे जावं. ‘निकाली’ असं उत्तर आल्यावर आधी त्या उत्तरातली चूक मापांसह लेखी कळवावी लागते. तिथे प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. एकानेच बोलायचं, मापाचा कागद पुढे ठेवायचा आणि ‘संयुक्त पाहणीची तारीख द्या’ एवढंच मागायचं. सोबत आलेल्या सातजणांनी आपापला इतिहास सांगायला घेतला की वेळ संपते आणि शेरा पडतो: ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’

पाहणी झाली की त्याच दिवशी संध्याकाळी एक पत्र झोनला द्या: आज अमुक वाजता पाहणी झाली, हे हे ठरलं, अमुक तारखेपर्यंत करू असं सांगितलं. पाहणीचा पंचनामा तिकडून होतोच असं नाही. तुमच्या पत्राला पोच मिळाली की तेच नोंदीत राहतं.

काम सुरू झाल्यावर दोनच ठिकाणी लक्ष ठेवा. नालीच्या तळाला उतार कोणत्या दिशेने दिला जातोय ते झाकण बसायच्या आत त्याच नळीने मोजा. आणि इनलेटची जाळी गट्टूंपेक्षा वर राहत नाही ना ते बघा. 2 सेंमी जरी वर राहिली तरी पाणी तिला वळसा घालून पुढे जातं. ओतून बघायला टँकर लागत नाही, शेजारच्या बोअरचा पाइप पंधरा मिनिटं सोडला की पुरतं. चूक दिसली तर मजुरांशी वाद घालू नका, फोटोसह जेईला कळवा, बिल निघायच्या आत. बिल निघाल्यानंतर बोलायला दोषदायित्वाचा कालावधी तेवढा उरतो.

आणि पहिला मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन त्याच खांबाखाली, त्याच ओट्यापाशी पुन्हा पट्टी धरायची. पाणी अजून अडत असेल तर नवीन अर्ज लिहू नका; जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी असं पत्र द्या, आणि त्यात कालावधी संपण्याची तारीख ठळक लिहा.